कागदाची कमान

माझ्या घरात बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक कमान आहे. ती मी स्वतः, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जिप्सम बोर्डाची बांधली. इमारतीतल्या इतर घरांत त्या जागी साधी चौकोनी वाट आहे आणि तिच्यात कोणाला काही उणे वाटत नाही. माझ्या कमानीखालून ये-जा करणारा मनुष्य सध्या एकच आहे. सकाळचा चहा, दुपारचे जेवण, संध्याकाळचे औषध, एवढ्या कारणांनी तो आत जातो आणि बाहेर येतो. ही कमान का बांधली हे सांगायचे तर मला माझ्या सोळाव्या वर्षाकडे जावे लागेल. त्या वर्षाविषयी मी पंचावन्न वर्षे कोणाशी बोललो नव्हतो. पत्नीशीही नाही.

ही इमारत उभी आहे तिथेच आमचे जुने घर होते. आमचे काल्हेर गाव तेव्हा गोदामांचे नव्हते, भातखाचरांचे आणि खाडीचे होते. घर लांबट, कौलारू, विटांचे. विटा आजोबांनी आमच्याच शेतातल्या मातीच्या पाडून, आमच्याच शेतात भाजल्या होत्या, आणि त्यामुळे त्या सगळ्या एका रंगाच्या नव्हत्या. पुढे ओटी, मग एक मोठी खोली, मग स्वयंपाकघर. मोठी खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नव्हते, चार फूट रुंदीची कमान होती. आजोबांनी कुठल्याशा बंगल्याच्या कामावर मजुरी केली होती, तिथून ती कल्पना ते घरी घेऊन आले, असे सांगत. कमानीची उजवी बाजू कंबरेच्या उंचीवर गुळगुळीत झाली होती. काकी दिवसातून शंभरदा आत-बाहेर करी आणि प्रत्येक वेळी तिचा हात तिथे टेके. त्याची तिला जाणीव नसावी.

घरात माणसे पाच. माझे वडील, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे काका, काकी, त्यांची पाच वर्षांची मुलगी यमुना आणि मी. आई मला आठवत नाही. मी दोन वर्षांचा असताना ती गेली आणि मला काकीने वाढवले. हे वाक्य मी इतक्या थोडक्यात लिहितो, कारण त्यात आणखी काही घालण्याचा मला अधिकार राहिलेला नाही. बाबा फार कमी बोलत. मी त्यांच्यावर गेलो असे लोक म्हणतात. काका बोलका होता, आणि दोघा भावांत जे काही बिनसले त्यात एकाच्या न बोलण्याचा आणि दुसऱ्याच्या बोलण्याचा वाटा सारखाच होता.

त्या घराचे आवाज मला चेहऱ्यांपेक्षा अधिक स्पष्ट आठवतात. पहाटे खाडीवरून येणारा वारा कौलांत शिरे तेव्हा होणारी बारीक शीळ. तांदळाची भाकरी थापताना काकीच्या तळहाताचा आवाज, त्याची लय कधी बदलत नसे. चिंबोरीचे कालवण असेल त्या दिवशी पाट्यावर नांग्या फोडण्याचा आवाज. तो ऐकला की यमुना कुठेही असली तरी धावत येई. आणि दिवेलागणीला, जेवण तयार झाले की, दोन ठोके. त्या ठोक्यांना कारण होते. मोठ्या दिराला हाक मारायची नाही, त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही, अशी तेव्हाची रीत. बाबा ओटीवर बसलेले असत. त्यांना जेवायला बोलावणार कसे? म्हणून काकी लाकडी पळी कमानीच्या विटेवर दोनदा आपटी. टक्, टक्. बाबा उठत, पाय धूत, पाटावर येऊन बसत. लग्न होऊन आली तेव्हापासून ती हेच करीत होती. मला मात्र तिने कधी ठोक्यांनी बोलावले नाही. माझ्यासाठी हाक असे. "जना, ये रं, भाकरी निवते." मी अभ्यासात असलो तर दुसरी हाक जरा वेगळी असे. "येतोस का पुस्तकाचंच कालवन करू?"

वाटणी का झाली, हे मी सांगणार नाही. बांधाकडेच्या एका शेतावरून झाली, आणि ते शेत आज कोणाचेच नाही. त्याच्यावर गोदाम आहे. गावातली पाच वडीलधारी माणसे बसली आणि त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत सगळे वाटले. पुढची ओटी आणि मोठी खोली बाबांना. मागचे स्वयंपाकघर, पडवी आणि परसातले दार काकाला. मध्ये कमान. तेव्हा कमान बुजवायची, असे ठरले.

आमच्याकडे अशी रीत होती की वाटणीची भिंत गवंड्याने घालायची नाही. परक्या हाताची भिंत असली की पुढे कोणीतरी म्हणतो, मला विचारले नव्हते. म्हणून ती पुढच्या पिढीने घालायची, दोन्हीकडच्या मुलग्यांनी समोरासमोर उभे राहून, एकाने वीट द्यायची आणि दुसऱ्याने बसवायची. ज्याने स्वतःच्या हाताने भिंत घातली तो तिच्यावरून भांडत नाही, हा त्यामागचा विचार. विचार चुकीचा नाही. मी आयुष्यात त्या भिंतीवरून कोणाशीही भांडलो नाही. पण काकाला मुलगा नव्हता. यमुना मुलगी, आणि तीही पाच वर्षांची. पाचांतला एक जण म्हणाला, एका बाजूने घातलेली भिंत कच्ची धरतात.  तेव्हा काकी आतून आली. पाच पुरुषांसमोर आणि मोठ्या दिरासमोर तिला मी प्रथमच असे उभे राहिलेले पाहिले. पदर खोचलेला होता.

"विटा मी देते," ती म्हणाली. "घालील जना."

बाबांनी मान खाली घातली. ती संमती समजण्यात आली.

मी सोळा वर्षांचा होतो. गवंडी काम करताना पाहिले होते, स्वतः केले नव्हते. माल कालवला, ओळंबा लावला आणि पहिला थर ठेवला. काकी पलीकडे, मी अलीकडे. ती एक एक वीट उचलून माझ्या हातात देई. बाकीचे ओटीवर जाऊन विड्या ओढू लागले. भिंत गुडघ्याएवढी झाली. मग ती हळूच म्हणाली:

"शालेत काय शिकवतात रं तुला?"

"भूमिती."

"मंग ही वाकडी का चालली?"

मी ओळंबा पुन्हा लावला. भिंत खरोखरच वाकडी होती. दोन विटा काढून पुन्हा बसवल्या. ती हसली नाही, मीही हसलो नाही, पण तेवढ्यात भिंत कंबरेपर्यंत आली होती. मग छातीपर्यंत आली. मग तिचा फक्त चेहरा आणि हात दिसू लागले. यमुना तिच्या पायाशी रडत होती ते ऐकू येत होते, दिसत नव्हते. वरचा अर्धगोल भरायला मला पाटावर चढावे लागले. तिथे अख्ख्या विटा बसत नाहीत, तुकडे करावे लागतात; काकी पलीकडून कोयत्याच्या पाठीने विटा फोडून देत राहिली. शेवटी कमानीच्या माथ्याला एकाच विटेची जागा उरली. त्या जागेतून तिचा हात आला, हातात वीट होती.

"नीट बसव," ती म्हणाली. "वारा येईल."

मी नीट बसवली.

त्या कामात मी एक चूक केली. जुन्या बांधकामाला नवी भिंत जोडायची तर जुन्या विटांत खाचा कोराव्या लागतात, गवंडी त्यांना दात म्हणतात. नव्या विटांची टोके त्या दातांत अडकली की दोन्ही एकजीव होतात. मला ते ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते ओटीवर विड्या ओढत होते. माझी भिंत कमानीच्या पोटात नुसती उभी राहिली, दाराच्या चौकटीत लाकडाची फळी उभी करावी तशी. वरून गिलावा केला, चुना मारला. पहिला पावसाळा संपला आणि चुन्यावर केसाएवढी चीर उमटली. जमिनीपासून सरळ वर, मग वळून माथ्यावरून पलीकडे, पुन्हा सरळ खाली. कमान जशीच्या तशी भिंतीवर उमटली होती. बाबांनी पाहिले आणि म्हणाले, "भर." मी भरली. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. त्या घरात राहत होतो तितकी वर्षे दर दिवाळीच्या आधी मी ती चीर भरत असे.

पण मला सांगायचे आहे ते भिंतीनंतरच्या पहिल्या महिन्याबद्दल. आमच्या बाजूला आता चूल नव्हती. बाबांनी खोलीच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले. ते पेज करीत, सुका बोंबील निखाऱ्यावर भाजत, आणि आम्ही दोघे समोरासमोर बसून जेवत असू. भिंतीला पाठ करून बसायची जागा त्यांची होती. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, भिंतीतून आवाज आला. टक्, टक्. नऊ इंच वीट मध्ये होती, आवाज दबका होता, पण पळीचा होता. बाबांचा हात पानावर थांबला आणि पुन्हा चालू झाला. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. ते ठोके बाबांसाठी नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्यांना तिने आता जेवायला बोलावणे शक्यच नव्हते. माझ्यासाठी हाक असायची, पण हाक भिंतीतून येत नाही. म्हणून ठोके होते. परसातून वळसा घालून मागच्या दाराने गेलो असतो तर साठ पावले होती. मी नंतर एकदा मोजली आहेत.

रोज तीच वेळ, रोज दोन ठोके. आम्ही दोघे ऐकत असू आणि दोघे काही बोलत नसू. बाबांच्या समोर उठून जाणे म्हणजे त्यांना एकटे जेवायला बसवणे होते. मी स्वतःला तेच कारण देत होतो, आणि कारण खोटे नव्हते. असा महिना गेला.

मग एक दिवस असा आला की ते कारण उरले नाही. खारबावला आमच्या नात्यात कोणी वारले होते आणि बाबा दुपारीच तिकडे गेले. मुक्काम करणार होते. काकी परसात धान वाळत घालत होती, तिने त्यांना जाताना पाहिले. संध्याकाळी मी खोलीत एकटा होतो. दिवा लावला होता, पुस्तक उघडे होते. भिंतीपलीकडे पाट्यावर नांग्या फोडल्याचा आवाज आला, यमुनेची धावती पावले आली, मग बराच वेळ काही नाही, आणि मग ठोके. टक्, टक्. मी उठलो. भिंतीजवळ गेलो. हाताची मूठ उचलली. भिंतीपासून ती चार बोटांवर होती. पलीकडे काकी उभी असल्याचे मला जाणवत होते, कारण परत जाणाऱ्या पावलांचा आवाज येत नव्हता. पुन्हा ठोके आले. या वेळी जरा जोरात. नंतर पुन्हा, तिसऱ्यांदा. मी मूठ खाली घेतली, जागेवर येऊन बसलो आणि सकाळची थंड पेज खाल्ली.

का, हे मला आजही नेमके सांगता येत नाही. आयुष्यभर मुलांना गणित शिकवले. उत्तर येत नसेल तर पान कोरे सोडा, भलते लिहू नका, असे बजावत आलो. इथेही मी पान कोरेच सोडतो. भीती नव्हती, बाबा खारबावला होते. राग नव्हता. एवढे मात्र खरे की ती भिंत मी घातली होती आणि ती मलाच ओलांडायची होती.

दुसऱ्या दिवशी ठोके आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. भिवंडीला खोली घेऊन शिकलो, तिथेच शाळेत शिक्षक झालो. लग्न झाले. लग्नकार्यात काकी भेटे. "बरा हायस?" ती विचारी. "बरा आहे," मी म्हणे. पन्नास वर्षांत आमचे बोलणे याच्या पलीकडे गेले नाही. काका गेला, बाबा गेले, यमुना अकलोलीला दिली होती तिच्याकडे काकी राहायला गेली. जुने घर बिल्डरला दिले. पाडकामाच्या दिवशी मी हजर होतो. जेसीबीने धक्का दिला तेव्हा माझी भिंत एकसंध सुटून खाली आली, दात नव्हतेच. क्षणभर आजोबांची कमान मोकळी उभी राहिली. मशीन चालवणाऱ्याने दांडा मागे घेतला आणि पुन्हा पुढे केला.

या इमारतीत मला पहिल्या मजल्यावर घर मिळाले. चार वर्षांपूर्वी पत्नी गेली. मुलगा परदेशात आहे, रविवारी फोन करतो. घर नीटनेटके आहे. त्यात काही हलवावे असे मला कधी वाटले नव्हते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात यमुनेचा फोन आला. तिच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन ठरले होते. हॉस्पिटल आणि नंतरची विश्रांती धरून महिना लागणार होता, मुलगा तिच्याजवळ राहणार होता, आणि काकीचे काय करायचे हा प्रश्न होता. काकी नव्वदीला टेकली होती आणि तिची नजर जवळजवळ गेली होती.

"दादा, आईला ठेवशील महिनाभर?" यमुनेने विचारले. "दुसरं कोन न्हाय रं."

"ठेवीन."

"पन ती ऐकत न्हाय. म्हनते, फ्लॅटात सगल्या भिंती सारख्या. हाताला काय कलत न्हाय. इथं तिला सगलं हातानं ठावं हाय." मागून काकीचा आवाज आला. यमुना थांबली, मग हसून म्हणाली, "विचारते, कमान हाय का त्याच्याकडं? असली तर येते."

 तो टोमणा होता, हे मला कळत होते. पण टोमण्याला दुसरे उत्तर मला सुचले नाही. "तिला सांग, आहे," मी म्हणालो. "पंधरा दिवसांनी घेऊन ये." फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघराच्या चौकोनी वाटेसमोर जाऊन उभा राहिलो. रुंदी मोजली. चार फूट.

त्या दिवसांत तिसऱ्या मजल्यावर रईस नावाचा चाळिशीचा कारागीर छताचे काम करीत होता. छतासाठी जिप्सम बोर्डाचे तक्ते जिन्यातून वर जाताना मी पाहिले होते: चुन्यासारखा पांढरा दगडी लगदा, दोन्ही बाजूंना जाड कागद. त्याला बोलावून वाट दाखवली.

"मास्टरजी, इसमें क्या है," तो म्हणाला. "रेडीमेड कमान मिलती है, थर्माकोल की. चिपका दूँगा. एक घंटा."

"मला बांधायची आहे. तू फक्त सांग."

"आप बांधेंगे?" त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "घर में कोई शादी है?"

"नाही."

"फिर?"

"पाहुणे येणार आहेत."

त्याने पुढे विचारले नाही. संध्याकाळी काम सुटले की तो खाली येई, स्टुलावर बसून चहा पिई आणि माझ्या चुका दाखवी. सांगायला उत्तम माणूस होता. प्रथम प्लायवुडवर खिळा ठोकून, दोऱ्याला पेन्सिल बांधून, दोन फूट त्रिज्येचा अर्धगोल काढला. असे दोन साचे कापले, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या. वाटेच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकून त्यांना साचे स्क्रूने आवळले, मध्ये लाकडाचे ठोकळे दिले. विटेच्या कमानीला खाली साचा लागतो आणि विटा आवळल्या की तो काढून घेतात. कमान आपल्या बळावर उभी राहते. बोर्डाच्या कमानीत साचा आतच राहतो. तो काढला तर काही उरत नाही. मला ते आवडले नाही, पण दुसरा मार्ग नव्हता.

दर्शनी बाजूंचे तक्ते कापून लावणे सोपे गेले. कठीण होते ते पोट, म्हणजे कमानीची आतली, खालून दिसणारी बाजू. तिथे सपाट बोर्ड गोल वळवायचा. रईसने सांगितले की पट्टीच्या मागच्या कागदावर इंचाइंचावर सुरीने चिरा द्या, पुढचा कागद शाबूत ठेवा, पाणी मारा आणि थांबा. मी चिरा दिल्या, पाणी मारले, थांबलो नाही. पट्टी माथ्याजवळ कडकन मोडली.

"मैंने बोला था रुको," रईस म्हणाला. "आप बच्चों को भी ऐसे ही पढ़ाते थे?"

"मुले थांबत असत."

"तो उनसे सीख लेते," तो म्हणाला आणि चहा संपवला.

दुसऱ्या पट्टीच्या वेळी अर्धा तास थांबलो. ती वळली. पण अर्धगोलाची लांबी सहा फूट साडेतीन इंच येते आणि तक्ता सहा फुटांचाच असतो. साडेतीन इंचांचा तुकडा जोडावा लागणार होता. सांधा कुठे घ्यायचा, एवढ्यावर मी एक संध्याकाळ घालवली. माथ्यावर नको. उजव्या बाजूला नको, तिथे तिचा हात येईल. डाव्या बाजूला, कमान जिथे वळायला लागते तिथे घेतला. जाळीची पट्टी चिकटवली, पुट्टी भरली, वाळल्यावर घासली, पुन्हा भरली. घासताना उडालेली पांढरी पूड घरभर बसली. पत्नीच्या तसबिरीवरची मी रोज पुसत होतो. शेवटी पांढरा रंग दिला. चौदावा दिवस होता. रईसने लांबून पाहिले, एक डोळा मिटून पाहिले. "गोल है," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ती स्तुती होती.

काकी यमुनेच्या मुलाबरोबर गाडीतून आली. मी कल्पना केली होती त्यापेक्षा पुष्कळ लहान झाली होती. मुलाने तिला दारात आणून उभे केले. मी तिचा हात धरून कमानीपाशी नेला आणि सोडला. हात थोडा वेळ हवेत राहिला, मग उजव्या बाजूला कंबरेच्या उंचीवर टेकला. तिथून वर सरकत गेला, पोहोचेल तिथपर्यंत. मग तिने बोटाच्या पेराने ठोकून पाहिले.

"विटा न्हाईत."

"नाहीत, काकी. बोर्ड आहे. आत लाकूड, वर कागद."

"कागदाची कमान?" तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती. "मास्तर झाला नि कागदाची कमान बांधली! पोकल हाय रं ही."

"तुम्ही विचारलंत, आहे का. आहे."

"मी गंमत केली व्हती, जना."

"मला ठाऊक आहे."

ती हसायची थांबली. हात अजून कमानीवरच होता. "वाकडी न्हाय या वक्ताला," ती म्हणाली.

दोन दिवसांत तिला घर हाताने ठाऊक झाले. पलंगापासून कमान सात पावले, कमानीपासून डावीकडे मोरी पाच. प्रत्येक वेळी ती आधी कमानीशी येई, तिथे हात टेकवी आणि मग पुढच्या दिशेला वळे. मी वाचत बसलेला असे, तिचा हात बोर्डावर टेकल्याचा हलका आवाज येई. दिवसभर आम्ही फारसे बोलत नसू. तिला माझ्याकडून काही ऐकायचे आहे की नाही, हे मला कळत नव्हते. मला सांगायचे होते. पंचावन्न वर्षांनी असे वाक्य कुठून सुरू करतात, ते मला येत नव्हते.

चौथ्या दिवशी, दिवेलागणीला, मी स्वयंपाकघरात होतो. भात झाला होता, जवळा परतत होतो. पाठीमागे कमानीवर आवाज झाला. टक्, टक्. पोकळ आवाज, विटेचा नव्हे. मी वळलो नाही. माझ्या हातात पळी होती. जवळा कढईला लागू लागला तसा गॅस बंद केला. पुन्हा ठोके आले, तसेच, दोन. मी कमानीच्या आतल्या बाजूला गेलो. ती पलीकडे, हाताच्या अंतरावर उभी होती. तिला मी दिसत नव्हतो. मी पळी उलटी धरली आणि बोर्डावर दोनदा आपटली.

तिने तळहात कमानीवर टेकवला.

"ऐकू येतं म्हंजे तुला," ती म्हणाली.

"तेव्हाही येत होतं, काकी. त्या दिवशीही."

"ठावं हाय." तिने मान हलवली. "तुझा बाप खारबावला गेल्ता. चिंबोरीचं कालवन केल्तं मी."

"हो."

"तीनदा ठोकलं."

"तीनदा," मी म्हणालो. "मग त्या कालवणाचं काय झालं?"

"काय व्हनार? मांजरीनं खाल्लं." ती कमानीखालून आत आली, हाताने ओटा चाचपला आणि नाक वर करून वास घेतला. "जवला जलला तुझा. वाढ आता."

मी वाढले. आम्ही जेवलो.

महिना भरला तेव्हा यमुनेचा मुलगा तिला घेऊन गेला. मी राहा म्हटले होते. ती म्हणाली, तिचा हात अकलोलीच्या भिंतींना सवकला आहे, आणि हे खरे होते. जाताना तिने कमानीला हात लावला, मला नाही. त्याला आता वर्ष झाले. मधे एक पावसाळा होऊन गेला आणि कमानीच्या डाव्या बाजूला, सांध्यावर, केसाएवढी चीर उमटली आहे. रईस दुसऱ्या एका घराच्या कामासाठी पुन्हा इमारतीत आला होता, जिन्यात भेटला तेव्हा त्याने उघड्या दारातून ती पाहिली. "पुट्टी मार देता हूँ, मास्टरजी, दो मिनट," तो म्हणाला. पुट्टीचा डबा माझ्याकडे आहे. स्टूलही आहे. त्याला मी नको म्हणालो आणि दार लावून घेतले.